पीएसयुटिल: कॉम्प्युटरला त्याचा आयपी विचारायचा तर असा विचारावा

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रोग्रॅम लिहून तो दुसऱ्याच्या दुकानात, संस्थेत नेऊन बसवणाऱ्या प्रत्येकाला मी पीएसयुटिल ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घ्यायला सांगेन. तिची ख्याती वेगळ्याच कामासाठी आहे. प्रोसेसरवर किती ताण आहे, मेमरी किती उरली, कोणती प्रोसेस डिस्क खातेय, हे सगळं ती सांगते. जिआम्पाओलो रोदोला या इटालियन प्रोग्रॅमरने २००९ मध्ये ती सुरू केली. बीएसडी परवाना आहे, एक पैसा लागत नाही. माझं तिच्याकडे काम असतं ते एकाच फंक्शनचं: नेट_इफ_अ‍ॅड्रस. २०१५ च्या ३.० आवृत्तीत ते आलं. या कॉम्प्युटरला आत्ता कोणकोणते आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, आहेत आणि ते कोणत्या दारावर, म्हणजे कोणत्या नेटवर्क कार्डावर आहेत, एवढंच ते सांगतं. माझ्या धंद्यात या उत्तराला फार किंमत आहे.

धंदा असा. वाळवा तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी मी सॉफ्टवेअर लिहिते. केंद्रावर एक कॉम्प्युटर असतो, त्याला वजनकाटा आणि फॅट मशीन जोडलेलं. शेतकऱ्याने बरणी काट्यावर ओतली की लिटर येतात, मग फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), त्यावरून दर आणि रक्कम. हे सगळं शेतकऱ्याला त्याच वेळी समोर दिसावं म्हणून काउंटरच्या बाहेरच्या बाजूला एक टॅब टांगलेला असतो. टॅबवर वेगळं अ‍ॅप नाही, साधा ब्राउझर आहे. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर कोपऱ्यात एक क्यूआर कोड येतो, टॅबने तो स्कॅन केला की पान उघडतं. त्या क्यूआरमध्ये कॉम्प्युटरचा आयपी असतो. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमला स्वतःचा पत्ता ठाऊक पाहिजे, तोही टॅबला पोचता येईल असा पत्ता.

टॅबला पान पुरवणारा सर्व्हर चालवायला पत्ता लागत नाही, हे इथेच सांगून टाकते, कारण नवीन मुलं या दोन गोष्टी एक समजतात. ०.०.०.० वर ऐकायला बसवलं की सर्व्हर सगळ्याच दारांवर ऐकतो. पत्ता लागतो तो दुसऱ्याला सांगण्यापुरता. आणि दुसरा कुठे उभा आहे हे कळल्याशिवाय त्याला कोणता पत्ता सांगायचा ते ठरत नाही. सगळा पेच इथे आहे.

पायथनच्या स्वतःच्या पेटीत यासाठी जे मिळतं ते अपुरं आहे. पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो: गेट_होस्ट_नेमने नाव घ्यायचं आणि गेट_होस्ट_बाय_नेमला देऊन त्याचा आयपी मागायचा. डेबियन किंवा उबुंटूवर हे करून बघा, बहुतेक वेळा १२७.०.१.१ हाती येतं. कारण या प्रणाली बसवतानाच ईटीसी फोल्डरमधल्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनच्या नावासमोर तो आकडा लिहून ठेवला जातो. १२७ ने सुरू होणारा कुठलाही पत्ता मशीनच्या बाहेर जात नाही. टॅबने तो उघडला तर टॅब स्वतःलाच हाक मारणार. विंडोजवर एखादा खरा पत्ता मिळतो, पण त्या मशीनवर कोणी व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर १९२.१६८.५६.१ सुद्धा मिळू शकतो. दिसायला अगदी घरच्या राउटरच्या पत्त्यासारखा, आणि टॅबच्या दृष्टीने पूर्ण निरुपयोगी. या उपायात प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. आपण ‘या नावाचा पत्ता काय’ असं विचारतो, आणि नावाचा पत्ता नेटवर्कच्या तारेवर शोधला जात नाही, नावांच्या यादीत शोधला जातो.

दुसरा उपाय खरोखर सुंदर आहे आणि मी तो आजही वापरते. यूडीपी या नेटवर्कवर डेटा पाठवायच्या पद्धतीचं एक सॉकेट, म्हणजे जोडणीचं टोक, उघडायचं, त्याला इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याकडे कनेक्ट करायचं आणि मग गेट_सॉक_नेम विचारायचं. यूडीपीत कनेक्ट म्हणजे समोरच्याला काही पाठवणं नव्हे. डेटाचं एकही पाकीट मशीनबाहेर पडत नाही. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, फक्त आपल्या मार्गांच्या तक्त्यात बघतो, त्या दिशेला जायचं तर कोणत्या दाराने जायचं ते ठरवतो, आणि त्या दारावरचा आपला पत्ता सॉकेटला चिकटवतो. तो आपण वाचून घ्यायचा. चार ओळींचं काम, कुठलीही लायब्ररी नको. घरी किंवा ऑफिसात, जिथे एकच वायफाय किंवा एकच केबल आहे, तिथे हे उत्तर जवळपास नेहमी बरोबर येतं, आणि तेवढंच लागत असेल तर पीएसयुटिलच्या वाटेला जायची काही गरज नाही.

केंद्रावर मात्र एकच वाट नसते. एका केंद्रावरची सकाळ सांगते. रात्रीच्या पावसात गावातलं ब्रॉडबँड बंद पडलेलं. दहा दिवसांची बिलं सकाळीच वर पाठवायची होती, म्हणून सचिवांनी आपला फोन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला लावला आणि मोबाइलचं नेट घेतलं. राउटर चालूच होता. त्याच्यात इंटरनेट नव्हतं, पण टॅब त्याच्याच वायफायवर होता आणि कॉम्प्युटर त्यालाच लॅन केबलने जोडलेला होता. पावणेसातला फोन आला, ‘‘ताई, बिलं गेली, पर टॅबवर कायबी येईना.’’ मी म्हटलं, ‘‘अण्णा, कोपऱ्यातल्या क्यूआरखाली आकडा काय आहे तो वाचा.’’ त्यांनी १९२.१६८.४२ ने सुरू होणारा आकडा वाचला. हा त्यांच्या फोनने यूएसबीवरून कॉम्प्युटरला दिलेला पत्ता. कर्नलचं काही चुकलेलं नव्हतं. ८.८.८.८ कडे जायचा रस्ता त्या घडीला फोनमधूनच जात होता, आणि विचारलेल्या प्रश्नाचं त्याने चोख उत्तर दिलं होतं. टॅब मात्र दुसऱ्या दाराबाहेर उभा होता.

फोनवर दोन मिनिटांत मार्ग काढला. अण्णांनी सेटिंगमध्ये आयपी हाताने टाकला आणि रांग पुढे सरकली. दर वेळी मला फोन करावा लागणं ही मात्र काही सोय नव्हे. तेव्हापासून माझ्या प्रत्येक केंद्रावर पीएसयुटिल आहे.

नेट_इफ_अ‍ॅड्रसला काही द्यावं लागत नाही. ते एक डिक्शनरी परत देतं. किल्ली म्हणजे नेटवर्क कार्डाचं नाव, आणि त्या नावाखाली त्या कार्डावरच्या सगळ्या पत्त्यांची यादी. प्रत्येक पत्त्यासोबत तो कोणत्या कुळातला (नेहमीचा चार आकड्यांचा आयपीव्ही४, नवा लांब आयपीव्ही६, की मॅक), त्याचा नेटमास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा), ब्रॉडकास्ट पत्ता अशी माहिती. मघाच्या त्या केंद्रावरच्या विंडोज मशीनची यादी अशी येते. ‘इथरनेट’ खाली १९२.१६८.१.७, मास्क २५५.२५५.२५५.०. ‘इथरनेट २’ खाली तो फोनचा पत्ता. ‘वाय-फाय’ खाली १६९.२५४ ने सुरू होणारा एक, कारण कार्ड आहे पण कशालाच जोडलेलं नाही. ‘लोकल एरिया कनेक्शन* १’ नावाचं एक कार्ड, जे कोणी कधी विकत घेतलेलं नाही. ते विंडोजने वायफाय डायरेक्टसाठी स्वतःच उभं केलेलं, त्याच्यावरही १६९.२५४ चाच पत्ता. आणि शेवटी लूपबॅक, म्हणजे मशीन स्वतःशीच बोलते ते काल्पनिक कार्ड, १२७.०.०.१. शिवाय प्रत्येक खऱ्या कार्डाखाली एफई८० ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता आणि कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक.

पहिल्यांदा बघणारा या यादीला बिचकतो. मला ती फार आवडते. एका कॉम्प्युटरला एक पत्ता असतो ही समजूत ती मुळापासून काढून टाकते. पत्ता कॉम्प्युटरला नसतोच, तो त्याच्या एकेका कार्डाला असतो. पीएसयुटिल तुमच्या वतीने निवड करत नाही, जे आहे ते सगळं टेबलावर मांडते. आतून विंडोजवर ती गेट_अ‍ॅडॅप्टर्स_अ‍ॅड्रेसेस हे फंक्शन बोलावते, लिनक्स आणि मॅकवर गेट_इफ_अ‍ॅडर्स. म्हणजे प्रत्येक ठिकाणी त्या त्या प्रणालीलाच विचारते. विंडोजच्या आयपीकॉन्फिग या आदेशाचा छापील मजकूर वाचून त्यातून आयपी खुडणारे प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. विंडोजची भाषा बदलली की ते गप्प होतात. इथे तो धोका नाही.

यादी हातात आली की गाळण सुरू. त्यासाठी जोडीचं फंक्शन आहे नेट_इफ_स्टॅट्स. त्यातला इझ_अप हा गुण सांगतो की कार्ड चालू आहे का, केबल किंवा वायफाय जोडलेलं आहे का. या एका प्रश्नाने वरच्या यादीतलं न जोडलेलं वाय-फाय आणि ते लोकल एरिया कनेक्शन दोन्ही बाहेर जातात. मग आयपीव्ही४ सोडून बाकीचे पत्ते बाजूला. आयपीव्ही६ चा मला काही राग नाही, जिओच्या सिमवर तर आज तोच मुख्य आहे. पण एफई८० चा पत्ता लिनक्सवर टक्क्याचं चिन्ह आणि कार्डाचं नाव शेपटीला घेऊन येतो, आणि तो तसाच ब्राउझरच्या पट्टीत चालत नाही. शिवाय विंडोज गोपनीयतेसाठी तात्पुरते आयपीव्ही६ पत्ते बनवत राहते, आणि यादीत टिकाऊ कोणता आणि तात्पुरता कोणता हे पीएसयुटिल सांगत नाही. एका खोलीतल्या टॅबसाठी आयपीव्ही४ पुरेसा आहे.

पुढची चाळण पायथनच्याच आयपीअ‍ॅड्रेस या मॉड्यूलची. इथे एक खाच आहे, ती नीट बघा. ‘हा पत्ता खासगी आहे का’ असं इझ_प्रायव्हेटला विचारलं तर १९२.१६८ ने, १० ने आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणाऱ्या, १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रातल्या नेहमीच्या तीन घराण्यांना ते हो म्हणतं, पण १२७ आणि १६९.२५४ लाही हो म्हणतं. म्हणून इझ_लूपबॅक आणि इझ_लिंक_लोकल हे दोन प्रश्न आधी विचारायचे, त्यात सापडलेले काढायचे, आणि मग उरलेल्यांना खासगीचा प्रश्न. उलट १००.६४ पासून सुरू होणारा पट्टा, जो इंटरनेट कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवताना वापरतात, त्याला इझ_प्रायव्हेट नाही म्हणतं. कंपनीची केबल मध्ये राउटर न घेता थेट कॉम्प्युटरमध्ये खोचलेली असेल तर तो पत्ता यादीत दिसू शकतो. त्याला इंटरनेटवरचा खरा पत्ता समजू नये.

एवढं गाळून माझ्याकडे त्या केंद्रावर दोन पत्ते उरतात: इथरनेट आणि इथरनेट २. यापुढे कुठलीही लायब्ररी मदत करू शकत नाही. टॅब कोणत्या बाजूला आहे हे कॉम्प्युटरला कुठून कळणार? म्हणून माझा प्रोग्रॅम दोघांचेही क्यूआर शेजारी शेजारी दाखवतो, खाली कार्डाचं नाव लिहून. टॅबने त्यातला एक उघडला आणि जोडणी आली की त्या आलेल्या सॉकेटलाच गेट_सॉक_नेम विचारते. ०.०.०.० वर ऐकत असलात तरी प्रत्यक्ष आलेल्या जोडणीचं सॉकेट बरोबर तोच पत्ता सांगतं, ज्याच्यावर समोरच्याने आपल्याला गाठलं. यापेक्षा पक्का पुरावा नाही. तो पत्ता ज्या कार्डावर आहे त्याचं नाव मी सेटिंगमध्ये जपून ठेवते. उद्या वीज जाऊन आली, राउटरने १.७ ऐवजी १.१२ दिला, तरी नाव इथरनेटच राहतं, आणि नवा आकडा पीएसयुटिल त्या नावाखाली काढून देते. कार्डाच्या नावानिशी पत्ते देणं, या एका गोष्टीसाठी मी तिला इतके गुण देते. यूडीपीची युक्ती आकडा देते, पण तो कुठल्या दाराचा ते सांगत नाही.

राउटरमध्ये पत्ता कायमचा राखून ठेवायचा असेल तर मॅक पत्ता लागतो, तोही याच यादीत मिळतो. विंडोजवर तो आडव्या रेघांनी येतो, लिनक्सवर विसर्गासारख्या दोन टिंबांनी. राउटरच्या पानात भरताना तेवढं बदलून घ्या.

बसवायला सोपी आहे. विंडोज, मॅक आणि नेहमीच्या लिनक्ससाठी तयार बांधणी मिळते, पिप या पायथनच्या आदेशाने एका ओळीत येते. आतून ती सी मध्ये लिहिलेली आहे, त्यामुळे तयार बांधणी नसलेल्या मशीनवर कंपायलर, म्हणजे सी चा कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, लागतो. ३२ बिटच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरही अडत नाही, कारण रास्पबेरी पाय ओएस आधीपासूनच पायव्हील्स या साठ्याकडे बघते आणि तिथे ती बांधून ठेवलेली असते. एका केंद्रावर माझा प्रोग्रॅम पायवरच चालतो, तिथे यादी आटोपशीर येते: एलओ, एथ०, डब्ल्यूलॅन०. त्याच पायवर कोणी डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं की डॉकर० नावाचं कार्ड १७२.१७.०.१ घेऊन येऊन बसतं. ते नावावरूनच वगळावं लागतं, कारण आकडा खासगीच आहे.

आता उणिवा, आणि त्या मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, गेटवे कळत नाही. कोणत्या कार्डामागे राउटर आहे आणि बाहेरचा रस्ता कुठून जातो, हे पीएसयुटिल सांगत नाही. त्यासाठी मला यूडीपीची युक्ती सोबत चालवावी लागते आणि दोन्ही उत्तरं ताडून बघावी लागतात. दुसरी, विंडोजवर ती कार्डाचं फक्त दर्शनी नाव देते. मघाचं इथरनेट २ हे फोनचं आहे हे विंडोजला माहीत असतं, कार्डाच्या वर्णनात ते ‘रिमोट एनडीआयएस’ असं लिहिलेलं असतं, पण ते वर्णन या यादीत येत नाही. आलं असतं तर फोनचा क्यूआर दाखवायचाच नाही असं मला सरळ ठरवता आलं असतं. तिसरी, पत्ता बदलला तर ती आपणहून कळवत नाही. दर काही सेकंदांनी पुन्हा विचारावं लागतं आणि जुन्या यादीशी ताडावं लागतं. हे काम हलकं आहे, जुन्या मशीनलाही जाणवत नाही, पण कोड आपल्यालाच लिहावा लागतो.

एवढ्याशा कामासाठी पीएसयुटिल जड वाटत असेल तर इफअ‍ॅडर बघा. ती शुद्ध पायथनमध्ये आहे, कंपायलरचा प्रश्नच नाही, आणि पत्ते कार्डाच्या नावासकट देते. नेटवर्कवरच्या सेवा शोधणारी पायथनची झिरोकॉन्फ लायब्ररी तिच्यावरच उभी आहे. मी ती घेतली नाही, कारण इझ_अपची सोय मला हवीच होती आणि डिस्क भरत आली की सचिवांना सावध करायला पीएसयुटिल माझ्याकडे तशीही लागते. जुन्या लेखांमधून नेटइफेसेस या लायब्ररीचं नाव अजून फिरतं. तिच्यात गेटवेसुद्धा मिळायचा, ही तिची खरी मोठी बाजू. पण २०२१ नंतर तिची नवी आवृत्ती आलेली नाही. नव्या कामात मी ती घेणार नाही.

आयपिफायसारख्या सेवांबद्दलही लोक विचारतात. त्या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतात: बाहेरच्या जगाला तुम्ही कोणत्या पत्त्यावरून येताना दिसता. तो पत्ता राउटरचा असतो, कित्येकदा राउटरचाही नाही, इंटरनेट कंपनीचा आणि शेकडो घरांत वाटलेला. केंद्रातल्या टॅबला त्याचा काही उपयोग नाही, आणि नेट बंद असताना तो मिळणारही नाही.

कोणी घ्यावी, कोणी नको? एकाच वायफायवरच्या लॅपटॉपसाठी छोटी स्क्रिप्ट असेल तर यूडीपीच्या चार ओळी पुरतात. पण मशीन तुमच्या हाताखाली नाही, त्याला उद्या कोण कुठली केबल लावेल ते सांगता येत नाही, आणि सकाळी सहाला रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपलं फॅट किती लागलं ते दिसलंच पाहिजे, अशा ठिकाणी पीएसयुटिलच घ्या. पाचपैकी चार. गेटवे आणि कार्डाचं वर्णन ज्या दिवशी येईल त्या दिवशी पाचवा देईन.